भावी शेठ

ठाणे स्टेशनबाहेर आमचे भावी शेठ नुसता वडापाव कधीच खात नाहीत, तोंडी लावायला गाडीवाल्याची कमाई लागते. "दिवसाला 400 वडे. 18 रुपयाला एक. म्हणजे 7,200. महिन्याचे 2 लाख 16 हजार! आणि आपण बसलोय फायली उपसत." या हिशेबात तेल, गॅस, बेसन, पाव, पोऱ्याचा पगार आणि महापालिकेची गाडी येत नाही. (फायलीही ते फारशा उपसत नाहीत, पण ते असो.)

त्यांनी अजून एकही धंदा सुरू केलेला नाही, बंद मात्र पाच-सहा केलेत. पोल्ट्री बर्ड फ्लूच्या धास्तीने गेली. अगरबत्तीत भागीदाराशी बिनसलं; भागीदार अजून मिळायचा होता. वडापावची गाडी तर जीएसटीने बसवली. वर्षाची उलाढाल 25 लाख 92 हजार निघाली, आणि सेवा पुरवणाऱ्याने 20 लाख ओलांडले की नोंदणी आली. न तळलेल्या वड्यांच्या कराने माणूस रात्रभर जागा होता.

बढती हुकली की त्यांना लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. बढतीत डावललं म्हणून लक्ष्मणरावांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली मास्तरकी सोडली, बेळगावात सायकलींचं दुकान चालवलं, नांगर केले आणि 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. आमच्या शेठना चारदा डावललंय. त्या हिशेबाने आतापर्यंत चार वाड्या वसायला हव्या होत्या. राजीनामा मात्र तयार आहे. फक्त तारखेची जागा कोरी आहे.

"आपला पिंड धंद्याचा आहे का, हे एकदा शास्त्रशुद्ध बघू," म्हणून गेल्या मे महिन्यात ते तीन दिवसांच्या उद्योजकता शिबिराला गेले. शनिवार, रविवार आणि सोमवारी एक मेडिकल. अशा शिबिरांत खुंटीवर रिंगा टाकायचा खेळ असतो. त्याचं मूळ हार्वर्डच्या डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या कामात आहे. 1964 मध्ये आंध्रातल्या काकिनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांना प्रशिक्षण देऊन बघणारे तेच. रिंग किती लांबून टाकायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं. खुंटीला खेटून उभा राहतो त्याने नोकरी सांभाळावी. पार भिंतीला टेकतो त्याने लॉटरीचं तिकीट काढावं. जमेल-न जमेल अशा अंतरावर थांबून, नेम चुकला की पाऊलभर पुढे-मागे होणारा तो धंद्याचा माणूस.

शेठनी हे आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. सरळ मधोमध जाऊन उभे राहिले. पाचही रिंगा बाहेर गेल्या, पण पाय जागचा हलला नाही. वर प्रशिक्षकालाच विचारलं, "पण अंतर बरोबर होतं ना?"

शिबिराचं प्रशस्तिपत्रक आता लॅमिनेट करून टेबलाच्या काचेखाली आहे.

परवा गाडीवर आमचा तोच हिशेब चालला होता. वडे 450 वर गेले होते. गाडीवाला झारा निथळत शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "साहेब, पोऱ्या गावाला गेलाय. उद्या सकाळी दोन तास उभे राहता का गाडीवर? धंदा बी कळंल."

शेठनी रुमालाने हात पुसले, मोबाइल काढला, बराच वेळ काहीतरी वर-खाली केलं.

"अहो, आलो असतो," ते कळवळून म्हणाले, "पण सीएल संपल्यात."