साडेतीन हजारांची बादली

श्री. तंबूमालक,
लेक-व्ह्यू लक्झरी ग्लॅम्पिंग,
बारवीच्या फुगवट्याचा काठ, यांस

स. न. वि. वि.

विनंती शेवटी आहे. आधी अभिनंदन स्वीकारा. बदलापूर स्टेशनाबाहेर गाडी ठरवली की तासाभरात पोचता येईल अशा ठिकाणी तुम्ही अख्खं लडाख आणून ठेवलंत. हे कुणा सोम्यागोम्याचं काम नाही.

जाहिरातीत ‘बदलापूरचं पँगाँग’ असं वाचलं तेव्हा हसू आलं होतं. प्रत्यक्षात तुम्ही कशातच कसर ठेवलेली नाही. ऐनाच्या दोन झाडांमध्ये तिबेटी पताका ताणल्यात. काठावर पिवळी स्कूटर उभी केलीय. २००९ साली ‘थ्री इडियट्स’च्या शेवटी करीना कपूर तसल्या स्कूटरवरून पँगाँगच्या काठी पोचली आणि तेव्हापासून जिथे पाणी तिथे पिवळी स्कूटर असा दंडकच पडला. तुमच्या स्कूटरला चाकं नाहीत, ती विटांवर उभी आहे. मागची एमएच-०५ची पाटी मात्र शाबूत आहे, आणि तिच्याखाली दुसरी पाटी : ‘फोटो ५० रुपये’. आम्ही कल्याण आरटीओच्या पासिंगचं लडाख पाहिलं, धन्य झालो.

पण हे सगळं वरवरचं. खरी नक्कल तंबूच्या आत होती.

माणशी साडेतीन हजार, जीएसटी वेगळा, एवढं मोजून मी तंबूची चेन उघडली. आत पांढरीशुभ्र गादी, गादीवर टॉवेलाचे दोन हंस, हंसांच्या मध्ये गुलाबाच्या पाकळ्या. मागच्या बाजूला ‘अटॅच्ड वॉशरूम’. पडदा सरकवला, नळ सोडला. नळानं एकदा घसा खाकरला आणि आतून एक मुंगी बाहेर आली. बस्स. फ्लशचं बटण दाबलं तर रिकामा डबा वाजावा तसा आवाज. टाकीवर निळ्या अक्षरांत स्टिकर : ‘पाणी हेच जीवन, जपून वापरा.’ अहो मालक, जपायला आधी काहीतरी द्याल की नाही?

मग तुमचा पोरगा आला. एका हातात बादली, दुसऱ्या हातात मग. बादली तंबूच्या दारात ठेवून म्हणाला, “साहेब, तंबूला एक. गरम पाणी सकाळी सात ते आठ, तेही आत्ताच सांगून ठेवलं तर.” मी विचारलं, तंबूत आम्ही चौघं आहोत, चौघांत एक? त्यानं फार समजूतदार उत्तर दिलं : “सगळे एकदम थोडीच अंघोळ करतात?”

तंबूला जाळीची खिडकी आहे. ती तुमच्या दरपत्रकातली मुख्य वस्तू, ‘पॅनोरमिक व्ह्यू’. त्या खिडकीतून समोर बारवी धरण दिसत होतं. पूर्ण भरलं की सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर पाणी साठवणारं. मे महिना असल्यानं पाणी खाली गेलेलं, काठाला सुकलेल्या चिखलाच्या पायऱ्या पडलेल्या. तरीही जे उरलं होतं ते नजरेत मावत नव्हतं. आमच्या वाट्याचं मात्र बादलीत मावलं, आणि वर चार बोटं जागा उरली.

आता तुम्ही म्हणाल, लडाखलाही बादलीच मिळते. मिळते ना! पण तिथे कुणी भांडत नाही, कारण भांडायला तोंड नसतं. लेहला वर्षाकाठी पाऊस पडतो शंभर मिलिमीटरच्या आसपास. पँगाँग समुद्रसपाटीपासून चार हजार दोनशे मीटरहून उंच, हिवाळ्यात गोठणारं आणि पाणी मचूळ, म्हणजे पुढ्यात तलाव असून प्यायच्या उपयोगाचा नाही. म्हणून तर तिथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या कोरडा संडास चालवला. वरून माती टाकायची, राख टाकायची आणि तयार झालेलं खत शेतात न्यायचं. त्यांनी ना धरणाकडे पाणी मागितलं, ना ढगाकडे. फ्लशचा हट्ट धरला तो आपल्यासारख्या पाहुण्यांनी. तिथला तंबूवाला ‘पाणी नाही’ म्हणाला तर आपण मान खाली घालून ऐकून घ्यावं.

तुमची सबब काय? आपल्याकडे चांगल्या सालात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. २७ जुलै २०१९ आठवतं का? बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ, महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी होती. आत हजाराहून जास्त माणसं आणि त्यांना सोडवायला रुळांच्या बाजूनं नौदलाच्या नि एनडीआरएफच्या बोटी. ज्या मुलखात जुलैत रेल्वेला बोट लागते त्याच मुलखात मेमध्ये चार माणसांत एक बादली. हे वाळवंट निसर्गानं दिलेलं नाही, मालक. हे आपण सगळ्यांनी मिळून, मेहनतीनं, पावसात उभं केलंय. तुम्ही फक्त त्याला तिकीट लावलंत.

शेजारच्या तंबूत माझा ऑफिसातला मित्र होता आणि त्याच्या आई. मंडळी उल्हासनगरची, कॅम्प नंबर चार. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये जे सिंधी निर्वासित उतरवले गेले, त्यांतल्याच एका घरातल्या त्या. तेव्हा फ्रॉकातली पोर. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि त्या छावणीचं उल्हासनगर झालं. पत्त्यांतले कॅम्प मात्र आजही एक ते पाच तसेच आहेत. माईंनी तंबू बाहेरून पाहिला, आतून पाहिला, दारातली बादली पाहिली आणि लेकाला म्हणाल्या, “बेटा, ये सब तो हम बचपन में कर चुके. तब सरकार मुफ़्त में कराती थी.” मग पदर खोचून त्यांनी त्या एका बादलीत स्वतःचं हातपाय धुणं, लेकाचं तोंड धुणं आणि दोन पेले विसळणं बसवलं, आणि तळाशी थोडं उरवलंसुद्धा. तो हात बराकीत बसलेला होता. साडेतीन हजारांत अशी कामगिरी शिकवणारा शिक्षक तुम्हाला मिळणार नाही. पुढच्या मोसमात ‘ॲक्टिव्हिटी’त घाला : सकाळी योगा, दुपारी तिरंदाजी, संध्याकाळी माईंचा बादली-वर्ग.

माईंचा तो हात अजून बसलेलाच आहे, ही यातली खरी मेख. नदीचं नाव लावणाऱ्या उल्हासनगरला स्वतःचा पाण्याचा स्रोत नाही. शहर एमआयडीसीकडून विकतचं पाणी पितं. अंबरनाथ-बदलापूरला जीवन प्राधिकरणाचा नळ. तिन्ही गावांत फोन वाजतो तो ‘आलं का?’ असं विचारायला, आणि काय आलं का हे कुणालाही सांगावं लागत नाही. घराघरांत पिंप, गच्चीवर टाकी, टाकीखाली दुसरी टाकी. सोसायटीच्या सभेत लिफ्टवर दोन मिनिटं आणि टँकरवर दोन तास. शुक्रवारचं शटडाऊन आम्ही एकादशीच्या उपासासारखं पाळतो. अशा माणसांना तुम्ही शनिवारी रात्री खास गाडीनं बोलावून, पाकळ्या टाकून, आमचंच मंगळवारचं आयुष्य परत विकलंत.

बाकीच्या तक्रारी किरकोळ. डीजे दोनला थांबला. बोनफायरला लाकडं ओली. ‘अनलिमिटेड बार्बेक्यू’ची मर्यादा पनीरचे सहा तुकडे. डास मात्र खरोखर अनलिमिटेड.

सकाळी मी तुमच्या टेबलाशी भांडायला आलो, हे तुम्हाला आठवत असेलच. अर्धे पैसे परत घेतल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवून आलो होतो. तुम्ही आवाज चढवला नाहीत. खणातून शाळेची दोनशे पानी वही काढलीत आणि माझ्यापुढे सरकवलीत. तारीख, टँकर, रोख, उधार. पानंच्या पानं. आणि धरणाकडे हात करून म्हणालात, “साहेब, पाणी त्यांचं, काठ त्यांचा. दिसतं तेवढं माझं.”

या वाक्यानं माझं भांडण पाण्यात गेलं. म्हणजे निदान काहीतरी पाण्यात गेलं.

मग तुम्ही सांगत गेलात, आणि जे सांगितलंत ते या पत्रात लिहिणं भाग आहे, कारण तुमच्या जाहिरातीत ते कुठेच नाही. बारवी हे एमआयडीसीचं धरण, कारखान्यांसाठी बांधलेलं. मागाहून शहरं वाढली, तहान वाढली, तशी धरणाची उंचीही टप्प्याटप्प्यानं वाढत गेली. शेवटच्या वाढीत मुरबाड तालुक्यातली तोंडली, मोहघर, काचकोलीसारखी गावं गेली. धरणग्रस्तांना घरटी एक नोकरी, असं ठरलं. कुणाला एमआयडीसीत, कुणाला महानगरपालिकांत. तुमच्या थोरल्या भावाला लागली. तुम्ही धाकटे. तुमच्या वाट्याला आलं ते पाणी नाही, नोकरी नाही. वरच्या अंगाची बुडाली नाही एवढी माळरानाची पट्टी आली. तुम्ही कर्ज काढून तिच्यावर सहा तंबू ठोकलेत. समोर पाण्याखाली तुमचं अंगण आहे. त्याला तुम्ही ‘लेक’ म्हणता, कारण ‘आमचं अंगण’ अशा नावानं बुकिंग येत नाही.

आणि पावसाळ्यात, जेव्हा इथे खरंच पाहण्यासारखं असतं, तेव्हा कोंडेश्वर म्हणा, बारवी म्हणा, सगळीकडे बंदीहुकूम लागतो. मुंबईची पोरं पिऊन पाण्यात उतरतात आणि बुडतात, त्यामुळे तो हुकूमही चुकीचा म्हणता येत नाही. म्हणजे तुमचा धंदा चालणार तो धरण आटल्यावर. गिऱ्हाईक येणार ते चिखल बघायला. त्याला पँगाँग म्हणण्यावाचून तुम्ही करणार तरी काय?

आता उपरोध बाजूला ठेवून सांगतो. हे चीड आणणारं आहे. ज्यांनी घरं दिली त्यांच्या तंबूला टँकर. ज्यांच्या दारावरून जलवाहिन्या जातात ते हंडे घेऊन रांगेत. बारवीचं पाणी नदीनं खाली उतरतं, जांभूळला उचललं जातं, शुद्ध होतं आणि ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदरपर्यंत पोचतं. अंबरनाथला ‘रेल नीर’चा कारखाना आहे, तिथलं पाणी बाटलीत शिरून मुंबईच्या फलाटांवर विकलं जातं. पाणी इथून कुठेही जाऊ शकतं, ही अभियांत्रिकी आपल्याला उत्तम जमते. काठापासून तुमच्या तंबूपर्यंत आणि मुख्य वाहिनीपासून कॅम्प चारच्या तिसऱ्या मजल्यापर्यंतच ती थकते. दर निवडणुकीत नव्या धरणाचं नाव ऐकायला मिळतं, दर उन्हाळ्यात कपातीचं वेळापत्रक. मधल्या मधे नवे टॉवर उठतात. त्यांच्या जाहिरातीत ‘स्विमिंग पूल’, आणि राहायला गेल्यावर पहिलं पत्रक टँकरच्या वर्गणीचं. तुम्ही निदान एका रात्रीपुरतं फसवता, ते वीस वर्षांच्या हप्त्यानं. शिव्या द्यायला तुमच्याकडे आलो खरा, पण रांगेत तुमचा नंबर बराच मागे आहे.

तरीही सहानुभूती आली म्हणून बिल माफ होत नाही, तुमचंही आणि माझंही. तेव्हा आता विनंती.

ती स्कूटर भंगारात घाला. पताका उतरवा. टॉवेलाचे हंस उकला, त्या टॉवेलांनी अंग पुसायची वेळ आली तर बरं. ‘लेक-व्ह्यू’, ‘लक्झरी’, ‘पँगाँग’ हे सगळं पुसून टाका. सहांपैकी एकाच तंबूत एक साधा पितळी नळ बसवा, चोवीस तास, सातही दिवस, शुक्रवारीसुद्धा धो धो चालणारा. टँकर घाला, बोअर मारा, भावाच्या वशिल्यानं जोडणी आणा, कसंही करा. त्या तंबूला खिडकी नसली तरी चालेल. समोर धरणाऐवजी वालधुनीचा नाला असला तरी चालेल. गादी नको, पनीर नको, डीजे तर नकोच.

पाटीवर एवढंच लिहा : ‘इथे नळाला पाणी आहे.’ आणि मग जरा बाजूला उभे राहा, कारण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी तिन्ही गावं एकदम येतील, पिंपं घेऊन. दर माणशी पाच हजार ठेवलात तरी कुणी हुज्जत घालणार नाही. पहिलं बुकिंग माईंच्या नावानं घ्या. पैसे मी भरतो.

कळावे,
आपला,
तंबू क्रमांक ४ मधला, अजून अंघोळ बाकी असलेला गिऱ्हाईक