दोन सेकंद शांतता

गाडी सुरू होत नाहीये, हे मालकाच्या आधी अण्णांना कळतं. तुमच्याही सोसायटीत एक अण्णा असणारच. कुठे त्यांना काका म्हणत असतील, कुठे साहेब, माणूस तोच. घोट्याच्या वर चढलेला लेंगा, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर, आणि चेहऱ्यावर 'नातेवाइकांना बोलावून घ्या' असा भाव. सकाळी पावणेनऊला तुम्ही चावी फिरवता. स्टार्टर खर्रर्र-खर्रर्र करतो, इंजिन काही पेट घेत नाही. तुम्ही पुन्हा फिरवता. तिसऱ्यांदा फिरवणार तोच काचेवर टकटक होते.

"स्टार्टर मारू नकोस, बॅटरी उतरेल. आधी पंप ऐकू."

पंप म्हणजे गाडीतला पेट्रोलचा पंप. गाडीचे सगळे रोग पंपातून निघतात आणि जे निघत नाहीत ते यथावकाश पंपाशी जाऊन पोचतात, असं अण्णांचं मत आहे. एकदा एकाचा वायपर अडकला होता. तेव्हाही त्यांनी पंप ऐकून घेतला. "आलोच आहोत तर," म्हणाले.

तर पंप ऐकायचा, आणि त्यासाठी शांतता हवी. अण्णा उजव्या हाताचं बोट वर करतात, मान किंचित तिरपी करतात आणि म्हणतात, "शूऽऽऽ!"

यामागचं शास्त्र खोटं नाही, ते आधी सांगून टाकतो. हल्लीच्या पेट्रोल गाड्यांत पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बसवलेला असतो. चावी स्टार्टरपर्यंत न नेता नुसती 'ऑन'ला आणली की तो दोनेक सेकंद चालतो, नळीत दाब भरतो आणि गप्प होतो. त्या दोन सेकंदांत मागच्या सीटखालून बाटलीत अडकलेल्या भुंग्यासारखा 'ऊंऽऽ' असा आवाज येतो. आला तर पंप निदान फिरतोय. नाही आला तर फ्यूज बघा, रिले बघा, वायर बघा, आणि सगळं ठीक निघालं तर पंपाच्या नावाने आंघोळ करा. आमची एवढीच तक्रार आहे की त्या दोन सेकंदांसाठी अण्णा अख्खी सोसायटी बंद पाडतात.

वॉचमनचा मोबाइल तर बंद होतोच, त्याची बिडीही विझते. पेट्रोलची वाफ असते, त्यामुळे तो भाग मला मान्य आहे. पण पहिल्या मजल्यावरच्या काकूंना "तेवढा कुकर उतरवा" असं खालून ओरडून सांगणं? भंगारवाल्याला गेटवर थोपवून ठेवणं? गुलमोहरावरच्या कोकिळेला उडवायला अण्णा टाळ्या वाजवतात आणि त्या टाळ्यांनी दुसऱ्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागतो. मग कुत्र्याला 'शूऽऽऽ'. एका गणपतीत पार्किंगमधली आरती कडव्याच्या मधोमध थांबली होती, कारण मांडवामागे कुणाची तरी गाडी अडली होती. टाळ हवेत, आरतीचं तबक हवेत, आणि अण्णांचं बोट त्याहून वर. बाप्पाही कान टवकारून बसल्यासारखे दिसत होते. त्यांना ते सोपंही आहे म्हणा.

पण कळस झाला तो शोकसभेत. सोसायटीतल्या एका ज्येष्ठ सभासदांना श्रद्धांजली वाहायला सगळे खाली जमले होते. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ठरलं. माना खाली गेल्या. अशी निर्भेळ शांतता अण्णांना आयुष्यात मिळाली नव्हती, आणि ती वाया जाऊ देतील तर ते अण्णा कसले. अर्ध्या मिनिटाने माझ्या शेजारी कुजबुज झाली, "तुझ्या गाडीची चावी खिशात आहे का रे?"

अण्णा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. सगळी नोकरी लायनीतले फॉल्ट हुडकण्यात गेली. जमिनीखालची केबल कुठे ओली झालीय, हे म्हणे ते रिसीव्हरमधल्या खरखरीवरून सांगत. त्या खात्याची एक साहेबी सवय मात्र त्यांना चिकटलेली आहे. कान ते स्वतः लावत नाहीत. "कान तू लाव, चावी मी फिरवतो." पेट्रोल भरायच्या झाकणापाशी किंवा मागच्या सीटवर कान टेकवून ओणवं व्हायचं ते गाडीमालकाने. अण्णा ड्रायव्हरच्या जागी बसून चावी फिरवणार आणि आरशातून आपल्याकडे बघत विचारणार, "आला?"

त्यांची ख्याती दूरवर गेली आहे. एकदा सी विंगमधल्या एकाची गाडी खंबाटकी घाटात मान टाकत होती. सपाटीवर ठीक, चढ लागला की आचके. हे दुबळ्या पंपाचं लक्षण असू शकतं. इंजिनाला चढावर पेट्रोल जास्त लागतं आणि पंप तेवढं देऊ शकत नाही. (तुंबलेला फिल्टरही असंच करतो.) त्याने घाटातून अण्णांना फोन लावला. अण्णांनी फोन स्पीकरवर घेतला आणि आम्हा सर्वांच्या साक्षीने सांगितलं, "आधी मागचे ट्रक बंद करायला सांग."

अंदाज नेहमी बरोबर येतात असं मुळीच नाही. सेक्रेटरींची गाडी अडली तेव्हा अण्णांनी दोन तास खपून फ्यूज तपासला, रिले तपासला, मल्टीमीटर लावला. पंप तर छान गुणगुणत होता. शेवटी कळलं की काटा अर्ध्यावर अडकलाय आणि टाकीत थेंब नाही. दुसरा कुणी असता तर खजील झाला असता. अण्णा हात पुसत म्हणाले, "पंप उत्तम आहे. त्याला पाठवायला काही दिलं नाहीत तर तो काय करणार?" सेक्रेटरींनी माफी मागितली.

जुन्या गाड्यांविषयी ते बोलायला लागले की खुर्ची आणून बसावं. फियाटचा पंप टाकीत नसे. इंजिनाच्या कुशीला बाहेर, इंजिनाच्याच जोरावर चालणारा, आत पडदा असलेला. हाताने पेट्रोल चढवायला त्याला छोटी दांडी असे. उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोलची नळीतच वाफ होई आणि गाडी उभी राही. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि करवंदं खात बसायचं. "तेव्हा पंप डोळ्यांना दिसायचा," अण्णा म्हणतात. "आता नुसता ऐकायचा."

मागच्या मे महिन्यात माझी तेरा वर्षांची गाडी अडली. सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथल्या मुलाने गाडी न बघता, टो करून आणावी लागेल आणि बहुतेक पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, असं अतिशय गोड आवाजात सांगितलं. काचेवर टकटक झाली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

शूऽऽऽ झालं. कुकर उतरला. मी ओणवा झालो. काहीच आवाज नाही. फ्यूज शाबूत. मग अण्णांनी हॉर्नचा रिले काढून पंपाच्या जागी बसवला. माझ्या गाडीत दोन्ही रिले एकाच जातीचे आहेत. तरी आवाज नाही. पंपाचा रिले हॉर्नच्या जागी घालून त्यांनी हॉर्न दाबला आणि तो असा काही कोकलला की कोकीळ, कुत्रा आणि वॉचमन तिघेही उठले. रिले चांगला होता. मागची सीट उचलली, खालचं झाकण काढलं, पंपाच्या कनेक्टरला मल्टीमीटर लावला. चावी ऑन करताच बारा व्होल्ट आले आणि दोन सेकंदांनी गेले. म्हणजे वीज दारापर्यंत येतेय, आतला मालकच उठत नाही.

"रिझर्व्हवर चालवतोस ना?" अण्णांनी विचारलं. मी मान खाली घातली. दोनशे-तीनशेचं पेट्रोल भरण्याची माझी सवय जुनी आहे. "अरे, पेट्रोलनेच तो थंड राहतो. तू त्याला तेरा उन्हाळे तहानलेला ठेवलास."

कनेक्टर परत जोडून त्यांनी झाकण बसवलं, मला पेट्रोल भरायच्या तोंडाशी कान लावायला सांगितला, आणि वॉचमनला टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने बेताने ठोकायला बसवलं. चावी फिरली, ठोका पडला. ऊंऽऽ!

"आला," मी म्हणालो.

अण्णांनी पुन्हा चावी फिरवली. पुन्हा ऊंऽऽ, आता अगदी स्वच्छ. पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या पोराला ऐकू गेला, तो ओरडलाही. अण्णा आरशातून माझ्या तोंडाकडे बघत होते. "आला का?" मी मोठ्याने, मान हलवून सांगितलं, "आला, अण्णा!" तेव्हा कुठे त्यांच्या कपाळावरची आठी गेली. गाडी सुरू झाली. "हा आता उपकारावर चालतोय. आजच्या आज नवा घाल," म्हणाले, आणि लेंगा झटकून वर गेले.

संध्याकाळी पेढे घेऊन गेलो. दार अण्णांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी उघडलं. आत टीव्ही एवढ्या मोठ्याने चालू होता की मला बोलता येईना. "तीन वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "बारीक आवाज आधी गेले. आता मिक्सरही कळत नाही. मशीन आणून ठेवलंय, कपाटात आहे. घालत नाहीत. म्हणतात, माझ्या कानाला काही झालेलं नाही, जगाचा गोंगाट वाढलाय."

मी पेढे दिले आणि आलो. तेव्हापासून कुकरची तिसरी शिट्टी राहिलेल्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंना मीच खालून हात जोडतो.

गेल्या महिन्यात ए विंगमध्ये पहिली इलेक्ट्रिक गाडी आली. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं यथासांग झालं. अण्णा दोनदा प्रदक्षिणा घालून आले. हिला टाकी नाही, म्हणजे पेट्रोलचा पंपही नाही, हे त्यांना तीन जणांनी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बरं. पण सुरू तर कर." मालकाने बटण दाबलं. काचेखाली एक हिरवा दिवा लागला.

अण्णांचं बोट वर गेलं. "शूऽऽऽ!"

वॉचमनने मोबाइल बंद केला. नारळ फोडणाऱ्याने करवंटी हातातच धरली. लहान पोरंसुद्धा श्वास रोखून उभी राहिली. अण्णांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं.

"काही येतंय?"

"नाही अण्णा," मालक म्हणाला. "कुणालाच नाही येत."

"कुणालाच?"

"कुणालाच."

अण्णांनी बोट खाली घेतलं. "चांगली आहे गाडी," ते म्हणाले, आणि ताटातला पेढा उचलून त्यांनी वॉचमनला मोबाइल लावायची खूण केली.