पेटंट कंपनीचा अर्निंग्ज कॉल कसा ऐकावा

ज्या कंपनीकडे कारखाना नाही, विकायला माल नाही, नुसती पेटंटं आहेत आणि ती वापरणाऱ्यांकडून रॉयल्टी वसूल करणं हाच धंदा आहे, तिचे शेअर घेणाऱ्यानं तिमाही निकालांवरचा कॉल रीतसर ऐकावा.

आरंभी एक अधिकारी बजावतो की भविष्याबद्दल इथे जे सांगितलं जाईल ते खरं ठरेलच असं नाही. साऱ्या कॉलमधलं हे सर्वांत भरवशाचं विधान. तेवढ्यात चहा टाकून यावा.

मग आकडे. महसूल दुप्पट झाला तर त्यात मागचं येणं किती, ते पाहावं. नवा करार झाला की फोनवाली कंपनी आजवर विकलेल्या फोनांची रॉयल्टी एकरकमी देते. ती एका तिमाहीत झळकते आणि पुढच्या तिमाहीत गायब होते. नियमित येणारी रक्कम वेगळी दाखवलेली असते. ती पाहिली की उत्साह मावळतो, म्हणून पाहू नये.

प्रश्नोत्तरांत ‘चालू खटल्यांवर आम्ही बोलत नाही’ हे वाक्य येईल. त्याचा अर्थ शब्दांत नसून आवाजात शोधावा. अधिकारी हसला तर तडजोड जवळ आली, खाकरला तर रक्कम मोठी. 16 एप्रिल 2019 रोजी सॅन डिएगोच्या कोर्टात खटला नुकता उभा राहिला असताना रॉयल्टीवरून भांडणाऱ्या अ‍ॅपल आणि क्वालकॉमनं समेट केला आणि क्वालकॉमचा शेअर एका दिवसात 23 टक्क्यांनी चढला. तेव्हापासून प्रत्येक खाकरण्यात लोकांना सॅन डिएगो ऐकू येतं.

प्रगत अभ्यासासाठी नेवाडातली व्हर्नेटएक्स घ्यावी. टेक्सासच्या ज्यूरीनं 2012 मध्ये तिला अ‍ॅपलकडून 36.8 कोटी डॉलर देवविले. 2014 मध्ये ते अपिलात रद्द झाले. फेब्रुवारी 2016 मध्ये ज्यूरीनं 62.5 कोटी मंजूर केले. दोन खटले एकत्र चालवल्यानं ज्यूरीचा घोळ झाला असावा, म्हणून न्यायाधीशांनीच तो निकाल रद्द केला. फेरसुनावणीत 30.2 कोटी, व्याज वगैरे चढून अखेर मार्च 2020 मध्ये सुमारे 45.4 कोटी खरोखर हातात पडले. दर शेअरमागे 1 डॉलर लाभांशही वाटला गेला. त्याच वर्षी दुसऱ्या खटल्यात आणखी 50 कोटींवर निकाल लागला. 2023 मध्ये तोही गेला, कारण मुळात पेटंटंच अवैध ठरली.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे तीच पायरी कंपनीचं दुकान आहे. तेव्हा ज्यूरीनं आकडा उच्चारताच त्याला शेअरसंख्येनं भागावं. वकिलांचा वाटा, कर आणि अपील वजा करत बसू नये, भागाकार अवघड होतो. बाजारात तुरी असल्या तरी घरात गाडीचा रंग ठरवायला हरकत नाही.

कॉलनंतर शेअर पडला तर शॉर्टवाल्यांचं कारस्थान, चढला तर आपला अभ्यास. मग पुढच्या सुनावणीची तारीख कॅलेंडरात पेन्सिलीनं लिहावी. पेटंटाची मुदत अर्जापासून 20 वर्षांची, ती संपण्याची तारीख मात्र शाईनं. ती मागून घेता येत नाही.