नावं ठेवणारे नाना

बाकीचे लोक दुसऱ्याला नावं ठेवतात. आमचे नाना स्वतःच्या गिरणीला ठेवतात.

डोंबिवली पूर्वेला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी ही पिठाची गिरणी. मोटर तीच, पट्टा तोच, भिंतीवरचा पिठाचा थर तर पुरातत्त्व खात्याने येऊन खणावा असा. बदलते ती पाटी. दर दोन-तीन वर्षांनी एखाद्या सकाळी नाना शिडीखाली उभे दिसतात. मान वर, भुवयांवर पीठ, आणि शिडीवरच्या पोराला ओरडत असतात, "डावीकडून उचल! डावं म्हणजे माझं डावं!" मग समजायचं, आज बारसं. संध्याकाळी पेढे.

पहिलं नाव 'श्री गणेश फ्लोअर मिल'. रंगाऱ्याने पत्र्यावर हाताने काढलेलं, कोपऱ्यात गणपती, खाली 'हळद व तिखट फक्त शुक्रवारी'. त्या पाटीबद्दल वीस वर्षं कुणाची काही तक्रार नव्हती. मग समोरच्या नव्या टॉवरमधलं एक जोडपं विचारून गेलं, "बाथरूमच्या टाइल्स दाखवता का?" देवनागरीत फ्लोअर म्हणजे फ्लोअरच, त्यातलं पिठाचं कुठलं आणि फरशीचं कुठलं हे कोपऱ्यातल्या गणपतीलाही सांगता आलं नसतं. नाना त्या रात्री जेवले नाहीत, असं काकू सांगतात. (मागाहून 'एक पोळी कमी खाल्ली' अशी दुरुस्ती करतात.) "म्हणजे वीस वर्षं मी फरश्या दळत होतो?" हा प्रश्न त्यांनी मला निदान पाच वेळा विचारला असेल.

नाद लागला तो तिथून.

एका अंकशास्त्रवाल्याने सांगितलं, गणेशच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन 'ए' वाढवा, लक्ष्मी पाणी भरेल. वाढवले. पण पाटी होती तेवढीच, म्हणून फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे काढावे लागले. चार महिने एकही फोन आला नाही, तेव्हा नाना म्हणाले, "साडेसातीचा शेवट असेल."

पुढचं नाव त्यांना आंघोळ करताना सुचलं. 'शक्तिपीठ'! "शक्ती आहे, पीठ आहे आणि अस्सल मराठी आहे. बोला!" मी काय बोलणार? महाराष्ट्रात शक्तिपीठं साडेतीन. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही पूर्ण आणि वणीचं अर्धं. राहिलेलं अर्धं डोंबिवलीत भरून निघालं. शेजारच्या आजी चपला बाहेर काढून आत यायला लागल्या. नवरात्रात एक बाई ओटीचे तांदूळ घेऊन आल्या, तर नानांनी त्यांनाच विचारलं, "बारीक की जाडसर?"

पण खरा कळस केला भाच्याने. त्याने डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केला होता आणि सराव करायला घरातलंच माणूस बरं पडतं. तो म्हणाला, "मामा, तुम्ही पीठ विकत नाही, गोष्ट विकता." नाना तोवर पीठही विकत नव्हते, लोकांचं दळून देत होते, पण गोष्ट विकायची म्हटल्यावर आधी पीठ विकायला काढणं भाग पडलं. खाकी पाकिटं आली. काळी पाटी आली, तिच्यावर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत 'द ग्रेन स्टोरी'. नेमकी २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली; शिवाय मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. गिरणीत माणसं दोन, त्यातल्या एक काकू. त्यामुळे भाच्याच्या नाजूक अक्षरांच्या डोक्यावर ठळक देवनागरीत पुन्हा 'द ग्रेन स्टोरी' चढलं, आणि ती काळी पाटी फेटा बांधलेल्या न्हाव्यासारखी दिसू लागली.

त्याच वर्षी १८ जुलैपासून छापील पाकिटातल्या पिठावर, पंचवीस किलोपर्यंत, ५ टक्के जीएसटी लागू झाला, सुट्ट्याला नाही. नाना छाती काढून करसल्लागाराकडे गेले. तो म्हणाला, "नाना, तुमची उलाढाल जीएसटीच्या हद्दीत येतच नाही. घरी जा." कर लागला नाही म्हणून खचलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मी एकदा समजावून पाहिलं. "नाना, व्हीटीचं नाव १९९६ साली बदललं, २०१७ साली त्यात आणखी भर पडली. तरी आज सकाळी तुम्ही काय म्हणालात? व्हीटीला जाऊन येतो."

"रेल्वेचं मार्केटिंग कच्चं आहे," नाना म्हणाले. "आणि ती क्रीमवाली एवढी मोठी कंपनी, २०२०ला फेअरची ग्लो झाली. ते काय वेडे आहेत?"

गंमत अशी की विजेचं बिल अजून गिरणीच्या आधीच्या मालकाच्या नावाने येतं. त्या गृहस्थांना गल्लीत कुणी पाहिलेलं नाही. "बदलून घ्या ना," म्हटलं तर नाना वैतागतात, "त्याला अर्ज करावा लागतो हो!"

गिऱ्हाइकांची नावं तर त्यांच्या गावीही नसतात. डबे ओळखतात ते धान्यावरून. "बाजरी-बारीक येऊन गेल्या का? मधुमेहवाल्यांचं नाचणीचं ठेवलंय बाजूला." मी त्यांच्या लेखी 'थालीपीठ', आमच्या घरची भाजणी तिथे दळतात म्हणून. आमची ही "कशावर दळताय?" असं विचारते, तेव्हा नाना मान न वळवता सांगतात, "गव्हावर गहूच चाललाय, थांबा. तुमची भाजणी हरभऱ्याच्या डाळीवर टाकतो, वास लागायचा नाही." दगडाला नवी टाकी लावली की पहिलं दळण ते स्वतःचं टाकतात, कचकच लागली तर काकूंचा आवाज घरातल्या घरात राहतो. पन्हाळीतून पडणारं गरम पीठ अंगठा नि तर्जनीत चोळून, डोळे मिटून, दगड पाव आटा आवळायचा की सैल करायचा हे ठरवतात. त्या वेळी त्यांच्याकडे बघत राहावं. पण त्याबद्दल काही म्हटलं तर म्हणतात, "ते हो काय, पोट भरतं. ब्रँडचं बोला."

गेल्या दिवाळीत पाचवी पाटी लागली. 'जातं'. फक्त एवढंच, दिव्यांच्या अक्षरांत. भाच्याच्या मते साधेपणा हीच आता फॅशन. आत जातं नाही, साडेसात हॉर्सपॉवरची मोटर आहे, पण ते जाऊ दे. आठ दिवसांत शटरवर कुणीतरी खडूने लिहिलं, 'गिऱ्हाईक'. वरचं 'जातं' जोडून वाचायचं. काकूंनी ते ओल्या फडक्याने पुसलं, पण हसू पुसायला त्यांना वेळ लागला.

परवा भाजणीचा डबा घेऊन गेलो तर नाना वहीत काहीतरी खरडत होते. माझ्यापुढे वही सरकवून म्हणाले, "अहो लेखक, यातलं कुठलं भारदस्त वाटतं सांगा." सोळा नावं होती. 'पिष्टान्न', 'कणकवली' (खाली रेघ मारून 'गावाचं नाव, चालेल का?')... मी तिसऱ्या ओळीवर होतो तेवढ्यात फोन वाजला. नानांनी पिठाच्या हाताने उचलला, खांद्याशी धरला आणि मोटरीवरून ओरडले,

"हां, गिरणी! हो, चालू आहे. पाठवा, पण सातच्या आत. मग तिखट टाकणारे."