दहाचा पाना

गॅरेजच्या पेटीतून अठरा-एकोणीसचा पाना कधीच हरवत नाही. जुन्या ग्रीसचं अस्तर पांघरून तो तळाशी पहुडलेला असतो; त्याला कुणी हाक मारत नाही आणि त्यालाही कुठे जायचं नसतं. हरवतो तो दहाचा. सहा मिलिमीटरच्या बोल्टचं डोकं बहुधा दहाचं, आणि असे बोल्ट गाडीत जागोजागी, त्यामुळे दिवसभर ‘दहाचा दे रे’ हाच घोष. ज्याला इतकं बोलावलं जातं, त्याने संध्याकाळी जागेवर सापडावं ही अपेक्षाच जरा निर्दय. मला खरी दया येते ती अकराची. फिक्स पान्याच्या दुसऱ्या टोकाला तो जन्माचा बांधलेला. त्याला काम क्वचितच. पण दहा परागंदा झाला की हाही निमूट वनवासाला निघतो.

गोटीपान्याच्या गोटीची तऱ्हा निराळी. इंजिनाच्या खाचाखोचांत ती निसटते तेव्हा टण् असा आवाज येतो, मग जरा खालून आणखी एक टण्, आणि मग काहीच नाही. जमिनीवर पडल्याचा आवाज येतच नाही. मेकॅनिक मान तिरकी करून, विलंबित ख्यालात समेची वाट पाहणाऱ्या श्रोत्यासारखा, थांबून राहतो. मग टॉर्च येते, चुंबकाची कांडी येते, पोऱ्या गाडीखाली सरपटतो. सापडतं काय, तर मागच्या दिवाळीत हरवलेला वॉशर.

काही पाने तर चॅसीवर बसून गिऱ्हाइकाबरोबरच प्रवासाला जातात. खंबाटकीच्या एखाद्या वळणावर उतरत असतील. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी पथारीवर त्यांचं संमेलन भरतं. तिथे एखादा मिस्त्री पाना उचलून, अंगठ्याने गंज पुसत उगाच उलटसुलट करतो. ओळख पटते आहे का, ते पाहत असावा.

विमानांच्या कारखान्यांत यावर उपाय आहे: प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खाचा कोरलेला असतो, रिकामा दिसला की शोध सुरू. पण माणसाने आणखी वर जाऊनही हा वारसा सोडलेला नाही. नोव्हेंबर 2008मध्ये अंतराळवीर हायडमरी स्टेफनिशिन-पायपर अवकाशस्थानकाबाहेर काम करत होत्या. पिशवीतल्या ग्रीसगनमधून ग्रीस गळलं, ते पुसता पुसता हत्यारांची पिशवीच सुटली आणि पृथ्वीभोवती फिरू लागली. ऑगस्ट 2009मध्ये ती वातावरणात जळून गेली. तोवर हौशी मंडळी दुर्बिणी लावून तिला पाहत होती. हरवलेलं हत्यार कुठे आहे हे इतक्या जणांना ठाऊक असण्याचा तो दुर्मीळ प्रसंग.

आमच्या वाड्यातले काका दहा-अकराच्या पान्याला काकूंच्या नेलपॉलिशचा ठिपका देत. पाना उसना न्यायला सगळेच येत. काका कुणाला नाही म्हणत नसत. फक्त ‘ठिपका बघून ठेव’ म्हणत. काका गेले, त्यांची चेतक विकली गेली. परवा काकूंनी रेक्झिनची ती गुंडाळी माझ्यापुढे उलगडली. सगळे कप्पे भरलेले, एक रिकामा.

“तो तुझ्या बाबांनी नेलाय,” काकू म्हणाल्या.

बाबांना विचारलं. पेपर खाली न करता ते म्हणाले, “मी तेव्हाच परत केला होता. नीट शोधायला सांग त्याला.”