दाबून बघा

मराठी माणसाला दाबून बघायला आवडतं. हापूसवाला नको नको म्हणत असतो आणि आपला अंगठा आपलं काम उरकून मोकळा झालेला असतो. तीच मंडळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कुणी मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकची हवा काढायला बसलं की, हात पुसत हजर होतात.

काम म्हटलं तर सोपं. लिव्हर दाबला की मास्टर सिलिंडरमधलं ऑइल तो जोर नळीतून कॅलिपरपर्यंत पोचवतं. ऑइल दबत नाही, हवा दबते. नळीत बुडबुडा राहिला तर मुठीचा सगळा जोर त्यालाच चेपण्यात जातो आणि लिव्हर थेट ग्रिपला टेकतो. द्रवातला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकातच सांगून ठेवलंय. लिव्हर धरून कुणाला बसवायचं, ते मात्र सांगितलं नाही.

आमच्याकडे मुलगी बसते. तिने लिव्हर दाबून धरायचा, मी खाली आठ नंबरच्या पान्याने कॅलिपरचं निप्पल जरासं सैल करायचं, पारदर्शक नळीतून ऑइल आणि बुडबुडे येऊ द्यायचे, निप्पल आवळायचं आणि मगच तिने हात काढायचा. निप्पल उघडं असतानाच ती विचारते, "बाबा, सोडू?" मी ओरडतो, "सोडू नकोस!" आपल्याकडे नकार शेवटी येतो. तो तिच्यापर्यंत जाईतो लिव्हर सुटलेला असतो आणि हवा परत आत. आता मी फक्त "थांब" आणि "हं" एवढंच म्हणतो. शेजाऱ्यांना वाटतं, तबला शिकवतोय.

मग परीक्षक. वॉचमन म्हणतो, "एकदम कडक." जिमवाला पोरगा दोन बोटांनी दाबून तोंड वाकडं करतो. तिसऱ्या मजल्यावरचे काका डोळे मिटून दाबतात आणि म्हणतात, "अजून हवा आहे." ते कुठेही हेच म्हणतील. मला विचाराल तर नुसतं दाबून काही कळत नाही. भराभर दाबल्यावर लिव्हर वर चढत असेल तर बहुधा हवा. दाबून धरल्यावर हळूहळू आत सरकत राहिला आणि कुठे गळतीही दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचं किट गेलेलं. आणि पार्किंगमधला कडकपणा घाटात टिकेलच असं नाही. हे ऑइल हवेतली ओल पितं. नवं डॉट 4 प्रतीचं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरली की ही हद्द 155 पर्यंत उतरू शकते. वरंधा घाटात सतत ब्रेक दाबत उतरताना ते उकळलं तर वाफ होते, आणि वाफही दबते.

हे सगळं मी काकांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आपली जुनी स्कूटर ढकलत आणली. "हिच्या मागच्या ब्रेकचीही काढून टाका. फार हवा धरलीय." मागे ड्रम ब्रेक, केबलवर चालणारा, ऑइलचा थेंब नाही. मी मागचा नट दोन आटे आवळला. काकांनी डोळे मिटून लिव्हर दाबला.

"बघा," ते मुलीला म्हणाले, "आता गेली."