हौसेला पत्रा लागतो

अमेरिकेत 1936 साली वॉली बायम यांनी ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ हे मोटारीमागे ओढायचं, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचं घर बाजारात आणलं. आता एअरस्ट्रीम कंपनीची जुनी घरं घेऊन तिथले हौशी लोक त्यांवरचं काळवंडलेलं लॅकर रसायनाने सोलून काढतात आणि आधी जाड, मग बारीक पॉलिश लावून घासत बसतात. कशासाठी, तर पत्र्यात स्वतःचं तोंड दिसावं!

महाराष्ट्र सरकारनेही 2021 साली अशा चाकांवरच्या घरांच्या, म्हणजे कॅराव्हॅनच्या, पर्यटनाचं धोरण आणलं. पण आमच्या मुंबईच्या चारकोपात कॅराव्हॅन उभी कुठे करायची? जागतिक बँकेच्या पैशातून आखलेल्या इथल्या सेक्टरांच्या गल्ल्यांत स्कूटर लावायची तरी शेजाऱ्याशी तह करावा लागतो. चाकांवरच्या घराला मेंटेनन्स फ्लॅटचा लावायचा की टू-व्हीलरचा, यावरून सोसायटीत दोन तट पडतील ते वेगळंच.

बरं, घासून मिळणार काय? उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडची साय धरते. तीच त्याला जपते, तीच हळूहळू चमक घालवते. वर गोराई खाडीची खारी हवा. शिवाय त्या जुन्या पत्र्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा थर कागदाहून पातळ. हौस जास्त झाली की खालचा मिश्रधातू उघडा.

आपल्याकडे बायकांनी पिढ्यान् पिढ्या जर्मनचे, म्हणजे याच धातूचे, टोप राखेने लखलखीत केले, त्याला कुणी ‘रिस्टोरेशन’ म्हटलं नाही. पुरुषाने पत्रा घासला की मात्र तो छंद. त्यालाच रविवारी टोप घासायला सांगून बघा, लगेच कमरेत उसण भरते.